दगडासारखे टायर, पण पकड कुठे?

माउंटन बाइक नीट वळत नसेल, तर टायर दगडासारखे होईपर्यंत हवा भरावी, पुढचे शॉकअप लॉक करावे, हँडल वर घ्यावे आणि सीट मागे सरकवावी, असा सल्ला सोलापूरच्या सायकलस्वारांमध्ये सध्या सर्रास फिरतो आहे. विजापूर रस्त्याच्या डांबरावर तो पटतोही; हिप्परगा तलावाच्या बाजूला मुरमाच्या वाटेवर उतरले की त्यातला फोलपणा पहिल्याच वळणावर कळतो.

टायरच्या कडेला छापलेला हवेच्या दाबाचा, म्हणजे पीएसआयचा, आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असे तो सांगत नाही. सुमारे 70 किलो वजनाच्या स्वाराने सव्वादोन इंची, ट्यूबच्या टायरात पुढे 28 आणि मागे 30 पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी. थोडा मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि जमीन सोडत नाही. कडक टायर त्याच खड्यावरून उडतो, आणि उडालेल्या चाकाला ना वळता येते ना थांबता. हवा फारच कमी केली, तर मात्र दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिरडते. कडक टायरात काटा घुसत नाही, ही तर निव्वळ समजूत आहे. वेडी बाभूळ पीएसआय विचारत नाही. शिवाय आपला उन्हाळा आहेच: 25 अंशांना भरलेली 30 पीएसआय हवा टायर 45 अंशांपर्यंत तापला की 33 च्या आसपास जाते.

शॉकअपचे लॉक गुळगुळीत चढासाठी असते. खडबडीत वाटेवर ते मोकळे हवे, आणि 100 मिलिमीटर चालीचा (म्हणजे तेवढा दबू शकणारा) फोर्क, अर्थात पुढचा शॉकअप, स्वार नुसता बसल्यावर साधारण 20 मिलिमीटर दबायला हवा. फोर्कच्या नळीवर प्लास्टिकची बारीक पट्टी सैलसर बांधून अलगद बसावे आणि उतरावे. पट्टी किती सरकली ते मोजपट्टीने मोजता येते. स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कवरची फिरकी स्प्रिंगचा मूळ कडकपणा बदलत नाही, फक्त सुरुवातीचा ताण बदलते.

हँडल उंच आणि सीट मागे केली की वजन मागे जाते, पुढचे चाक हलके होते आणि वळणावर सरळ निसटते. सीटची जागा गुडघा आणि पेडल पाहून ठरवायची असते. कंबर दुखत असेल, तर हँडल खुशाल वर घ्यावे. मात्र मग वळताना कोपरे वाकवून छाती पुढे न्यावी लागेल.