आत्याबाईच्या मिशा आणि स्पेनची गादी

नमस्कार साहेब, आधी थँक्स, कारण एवढी लांब कमेंट हल्ली कोणी टाईप करत बसत नाही, लोक अंगठा दाखवून पुढे सटकतात. उत्तराला चार दिवस लागले कारण तुम्ही जिथे बोट ठेवलंय तिथलं मला खरंच परत काढून वाचायला लागलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की बव्हेरियाचा राजपुत्र जोसेफ फर्डिनांड १६९९ साली वारला नसता तर स्पेनच्या वारसाहक्काचं युद्ध (निपुत्रिक राजा कार्लोसनंतर स्पेनची गादी कोणाची यावरून झालेलं) टळलं असतं. त्यावर यांचं म्हणणं की हा सगळा आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं यातला प्रकार आहे, युद्धं व्यापारावरून आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या हावेपायी झाली, एक सहा वर्षांचं पोरगं जगलं काय नि मेलं काय. शिवाय त्या पोराच्या आईला, मारिया अंतोनियाला, मी कार्लोसची बहीण म्हटलं ती चूक काढली, आणि जाता जाता "या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय" असा टोलाही हाणलाय.

चूक आधी घेतो. शंभर टक्के माझीच. मारिया अंतोनिया ही कार्लोसची भाची, बहीण नव्हे. बहीण म्हणजे मार्गारिटा, वेलाझक्वेझच्या 'लास मेनिनास' या १६५६ च्या चित्रात मधोमध फुगीर झगा घालून उभी असलेली ती छोटी पोर. पण साहेब, या घराण्यात नाती लावताना कोणाचीही विकेट पडते हो. बघा ना, कार्लोसचा बाप चौथा फिलिप, त्याने लग्न केलं मारियानाशी, ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. त्यांची मुलगी मार्गारिटा, तिला दिली ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट लिओपोल्डला, तो मारियानाचा सख्खा भाऊ, म्हणजे पोरीचा मामा. आपल्याकडे काही घरांत मामाची मुलगी करतात, इथे थेट मामाच. म्हणजे स्पेनच्या कार्लोसचा मामा आणि मेव्हणा एकच माणूस. आणि मुळात ही मारियाना फिलिपच्या मुलाला, बाल्तासार कार्लोसला ठरलेली, तो पोरगा १६४६ मध्ये सोळाव्या वर्षी गेला, मग बापानेच होणारी सून बायको करून आणली. याला वंशवृक्ष म्हणवत नाही, हे वेताच्या खुर्चीचं विणकाम आहे.

आता मिशांकडे येतो. ही म्हण लागू पडते कधी, तर जी गोष्ट व्हायची कोणाच्या डोक्यातच नव्हती ती मी घरी बसून कल्पत असलो तर. माझं "जर" तसलं नाही. ऑक्टोबर १६९८ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि डच यांनी सह्या करून ठरवलं होतं की कार्लोस गेला की स्पेन, अमेरिकेतल्या वसाहती, स्पॅनिश नेदरलँड्स (साधारण आजचं बेल्जियम) आणि सार्डिनिया या पोराला, नेपल्स-सिसिली लुईच्या मुलाला, मिलान लिओपोल्डच्या धाकट्या मुलाला, म्हणजे आर्चड्यूक चार्ल्सला. मग नोव्हेंबरात खुद्द कार्लोसने मृत्युपत्र केलं, त्यातही वारस हाच. म्हणजे १६९८ च्या डिसेंबरात कोणी विचारलं असतं की स्पेनचा पुढचा राजा कोण, तर सरळ उत्तर होतं, ब्रुसेल्समध्ये बापापाशी राहणारा सहा वर्षांचा मुलगा. जे प्रत्यक्षात झालं, लुईचा नातू माद्रिदच्या गादीवर, ती खरं तर तेव्हाची आत्याबाईची मिशी होती! पोरगा ६ फेब्रुवारी १६९९ ला अचानक गेला, विष घातल्याची कुजबुज झाली, आणि सगळे कागद रद्दी.

तुम्ही म्हणता पोरांच्या मरण्याजगण्यावर लढाया होत नसतात. अहो, त्या काळात त्याच्यावरच तर होत होत्या! कारण राज्य ही घराण्याची इस्टेट, आणि इस्टेटीचा सातबारा म्हणजे कोण कोणाच्या पोटी जन्मलं आणि कोण कोणाच्या आधी मेलं. आपण आज देश, राष्ट्र, जनता असल्या शब्दांत विचार करतो म्हणून ते पोरखेळ वाटतं. लुईचा स्पेनवरचा दावा कशावर उभा होता? लग्नाच्या कागदातल्या एका अटीवर. १६६० मध्ये त्याने फिलिपची थोरली मुलगी मारिया तेरेसा केली तेव्हा तिने गादीवरचा हक्क सोडला, पण कशाच्या मोबदल्यात, तर पाच लाख सोन्याच्या एस्कुदोंच्या हुंड्याच्या, तीन हप्त्यांत. स्पेनची तिजोरी तेव्हा खडखडीत, हुंडा काही पोचला नाही. मग फ्रेंच वकील म्हणायला मोकळे की पैसे नाहीत तर हक्क सोडणंही नाही. थकलेल्या हुंड्यावरून १६६७ मध्ये एक युद्ध होऊनसुद्धा गेलं. उलट धाकट्या मार्गारिटाने असा कुठलाच हक्क सोडला नव्हता, फिलिपच्या मृत्युपत्रात कार्लोसनंतर तिचीच शाखा होती. तिची मुलगी मारिया अंतोनिया, तिचा मुलगा जोसेफ फर्डिनांड. लिओपोल्डने स्वतःच्या मुलीकडून लग्नाच्या वेळी स्पेनवरचा हक्क सोडवून घेतला होता खरा, पण स्पेनने तो कागद कधी मानला नाही. म्हणून स्पॅनिश कायद्याने हे पोरगं अगदी सरळ वारस होतं, कोणी शोधून काढलेली तडजोड नव्हे.

आता व्यापार. तुमचा सगळ्यात तगडा मुद्दा हाच, आणि माझ्या मते तो माझ्या बाजूने जातो. इंग्लंड-हॉलंडच्या व्यापाऱ्यांना भीती कशाची होती? अमेरिकेची चांदी आणि कादिझचं बंदर व्हर्सायच्या हुकमाखाली जाईल याची. मग त्यांच्या दृष्टीने आदर्श राजा कोण? ज्याचं स्वतःचं आरमार नाही, ज्याचा बाप म्युनिकचा इलेक्टर, म्हणजे एक जर्मन संस्थानिक आहे, आणि जो वयात यायला अजून कितीतरी वर्षं आहेत. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम काही भोळा नव्हता. १७०१ मध्ये स्पॅनिश अमेरिकेत गुलाम पुरवायचा ठेका, असिएन्तो, फ्रेंच कंपनीकडे गेला तेव्हा लंडन खवळलं, आणि युद्ध मिटवणाऱ्या १७१३ च्या उत्रेख्त तहात ब्रिटिशांनी तोच ठेका ३० वर्षांसाठी, वर्षाला ४,८०० माणसं, स्वतःकडे ओढला. म्हणजे व्यापार होताच, पण बंदुकीत बार भरलेला असणं वेगळं आणि चाप ओढला जाणं वेगळं. चाप ओढला गेला तो गादी लुईच्या बुर्बाँ घराण्यात गेली म्हणून.

आणि लुईची हाव. अहो तो १६९८ मध्ये साठीचा होता. १६९३-९४ च्या दुष्काळात त्याच्या राज्यात दहा लाखांवर माणसं गेली होती, नऊ वर्षांचं युद्ध १६९७ ला रिस्विकच्या तहाने कसंबसं मिटलं होतं. तिकडे इंग्लंडच्या पार्लमेंटने विल्यमचं सैन्य छाटत छाटत ७,००० वर आणून ठेवलेलं. कोणालाच दम नव्हता. मग दोन वर्षांत लुई बदलला का? तर ऑक्टोबर १७०० मध्ये मरणाच्या दारात असलेल्या कार्लोसने सगळं राज्य लुईचा नातू फिलिपला लिहून दिलं, अट एकच, तुकडे करायचे नाहीत, आणि फ्रान्सने नको म्हटलं तर सगळं ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकला. आता लुईच्या जागी बसा. घेतलं तर युद्ध, नाही घेतलं तरी युद्ध, कारण पोरगा गेल्यावर वाटणीचा जो दुसरा करार झाला त्यावर लिओपोल्ड सही करायला तयारच नव्हता. मग लढायचंच तर गादीसाठी का नको? त्यानंतर १७०१ मध्ये त्याने जे उद्योग केले, स्पॅनिश नेदरलँड्समधल्या डच पहाऱ्याच्या किल्ल्यांत फौज घुसवणं, दुसऱ्या जेम्सच्या पोराला इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता देणं, ते निव्वळ माज, तिथे मी तुमच्याशी सहमत. पण हे सगळं मृत्युपत्रानंतरचं आहे, आणि ते मृत्युपत्र लिहायची वेळ आली कारण १६९८ चा वारस मेलेला.

राहिला लिओपोल्ड. तुम्ही म्हणाल तो तरी लढला असताच. कोणाशी? जोसेफ फर्डिनांड त्याचा सख्खा नातू, मुलीचा मुलगा. नातवाविरुद्ध फौज काढायची, तीही एकट्याने, इंग्रज-डच आरमार समोर असताना, आणि स्वतःकडे सांगण्यासारखं जहाज नाही. फार तर मिलानवर चालून गेला असता. शिवाय तुर्कांशी कार्लोविट्झचा तह झाला २६ जानेवारी १६९९ ला, म्हणजे पोरगा जायच्या फक्त अकरा दिवस आधी त्याचे हात मोकळे झाले. ही तारीख मी वहीत लिहिली तेव्हा जरा वेळ नुसता बघत बसलो.

एकेका जिवावर किती अवलंबून होतं ते युद्ध चालू असतानाही दिसतं. एप्रिल १७११ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने लुईचा मुलगा आणि लिओपोल्डचा थोरला मुलगा सम्राट जोसेफ दोघेही देवीने गेले. जोसेफ गेल्यावर सम्राटपद ज्याला स्पेनचा राजा करायला इंग्रज लढत होते त्या आर्चड्यूक चार्ल्सकडे आलं, आणि लंडनला वाटलं की आता स्पेन याला दिला तर मग आपण दहा वर्षं लढलो कशाला. पुढच्या वर्षी गोवर. लुईची नातसून १२ फेब्रुवारीला, नातू १८ ला, आणि ८ मार्चला पाच वर्षांचा थोरला पणतू, डॉक्टरांनी रक्त काढून काढून त्याला पार संपवला. उरला दोन वर्षांचा धाकटा, त्यालाही गोवर. त्याला सांभाळणारी मादाम द व्हांतादूर अडून बसली, डॉक्टरांना पोराला हात लावू दिला नाही, त्याला उबेत ठेवला, आणि ते पोर वाचलं. तोच पंधरावा लुई. त्या बाईने तेव्हा हार मानली असती तर फ्रान्सच्या गादीचा पुढचा वारस रक्ताने कोण, तर माद्रिदमध्ये बसलेला फिलिप, आणि मग उत्रेख्तचा तह कसा जुळला असता ते तुम्हीच सांगा.

प्रशियाचा मुद्दा मूळ पोस्टमध्ये राहूनच गेला होता. ब्रांडेनबुर्गच्या फ्रीड्रिशला राजा म्हणवून घ्यायची फार हौस, सम्राट दाद देत नव्हता. कार्लोस मेला, लिओपोल्डला सैन्य हवं झालं, नोव्हेंबर १७०० मध्ये ८,००० सैनिकांच्या बदल्यात होकार मिळाला, आणि १८ जानेवारी १७०१ ला कोनिग्सबर्गला फ्रीड्रिशने स्वतःच्या हाताने प्रशियाचा मुकुट डोक्यावर ठेवला. जोसेफ फर्डिनांड जिवंत असता तर लिओपोल्डला तेव्हा ही गरज पडली असती का?

आपल्याशी संबंध काय म्हणालात. मुंबई! पोर्तुगाल १६४० पर्यंत साठ वर्षं याच स्पॅनिश हॅब्सबर्गांच्या ताब्यात होतं, सुटल्यावर माद्रिदच्या भीतीने त्यांना इंग्लंडचा आधार हवा होता, म्हणून १६६१ मध्ये आपल्या राजकन्या कॅथरिनचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरवलं आणि हुंड्यात मुंबई नि टँजिअर दिलं. त्याच वर्षी माद्रिदला आपला कार्लोस जन्मला. १६६८ मध्ये स्पेनने अखेर पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं, आणि त्याच वर्षी मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे गेली. हा हुंडा मात्र थकला नाही (उशिरा मिळाला, पण मिळाला).

आता माझ्या पोस्टमधलं खरं भोक सांगतो, जे तुम्हाला दिसलं नाही. करारात वाटणी होती, पण कार्लोसच्या मृत्युपत्रात अख्खं राज्य एकट्या पोराला, तुकडे नाहीत. म्हणजे लुईने करारावर बोट ठेवून नेपल्स-सिसिली मागितलंच असतं आणि माद्रिदच्या सरदारांनी नाही म्हटलंच असतं. तिथे ठिणगी पडली असती हे मला मान्य करावं लागतं. पण त्या भांडणात विल्यम करारावर सही केलेला, म्हणजे लुईच्या बाजूचा किंवा गप्प. ब्लेनहाइमची लढाई नाही, जिब्राल्टर इंग्रजांकडे जाणं नाही, १७१४ चा बार्सिलोनाचा वेढाही बहुतेक नाही. इटलीतली एखाद-दोन मोसमांची लढाई, मग तह. आणि अमेरिकेच्या व्यापारावरून इंग्रज-स्पॅनिश पुढे कधीतरी जुंपले असते, तेही मान्य, ते १७३९ मध्ये जुंपलेच.

म्हणून मूळ पोस्टमध्ये दोन बदल केलेत. "बहीण" काढून "भाची" केलं. आणि "युद्ध टळलं असतं" काढून "ते युद्ध, तेव्हा आणि त्या बाजूंमध्ये, झालं नसतं" असं लिहिलंय. शीर्षक मात्र बदलत नाही, त्यावर भांडायचं असेल तर या परत.