कडेला ओघळ, मधे खडू: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. आर्वीकडच्या गोठ्यावरल्या कॅमेम्बर्टसारख्या, म्हणजे सालीवर पांढरी बुरशी वाढवलेल्या मऊ चीजबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गावच्या पोरानं केलं म्हणून मी डोक्यावर घेतलं, तुम्ही नेलेल्या वडीला अमोनियाचा वास होता, कडेला ओघळ आणि मधे खडूसारखा घट्ट गाभा, सालीवर राखाडी ठिपके, भाव अवाच्या सवा. आणि बुरशीच खायची तर शिळी भाकर काय वाईट?

भाकरीवर कोणती बुरशी बसली हे कोणालाच ठाऊक नसतं. चीजवरची मुद्दाम सोडलेली असते, पेनिसिलियम कॅमेम्बर्टी. तण आणि पेरलेली कपाशी यांत जेवढा फरक, तेवढा इथे आहे.

आता ओघळ आणि खडू. हे चीज बाहेरून आत पिकतं. बुरशी आधी वरचं लॅक्टिक आम्ल खाते, मग प्रथिनं तोडते, त्यातून अमोनिया सुटतो. आंबटपणा उतरला की कॅल्शियम फॉस्फेट सालीकडे सरकतं आणि सालीखालचा थर मऊ पडतो. ही मऊपणाची रेघ हळूहळू मधापर्यंत पोचायला हवी, त्यासाठी 10 ते 12 अंश तापमान, 90 टक्क्यांवर दमटपणा आणि तीन-चार आठवडे लागतात. उष्णता लागली की कड धावत सुटते अन् गाभा मागेच राहतो. तुम्हीच लिहिलंय: मे महिना, गाडीची डिकी, थेट नागपूर. मग दुसरं काय होणार? अर्थात गोठेवालाही सुटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बर्फाच्या डब्याशिवाय त्यानं हा माल हातात देऊच नये, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

कागद काढून अर्धा तास ठेवा. वास निवळला तर खा, नाकाला झोंबतच राहिला तर फेका.

राखाडी ठिपक्यांचं म्हणाल, तर खुद्द फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं कॅमेम्बर्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत निळसर-राखाडी सालीचंच असायचं. पांढरीशुभ्र बुरशी नंतर निवडून आणली. काळी, केसाळ वाढ दिसली तर मात्र तो म्यूकर, नको असलेली दुसरीच बुरशी. तो दोषच.

डोक्यावर घेतल्याचं म्हणता, पण साल जाड आहे आणि शेवटी जीभ कडवट होते, हे त्याच लेखात आहे. रेनेट, म्हणजे दूध जमवायचं विकर, जरा जास्त पडलं की असा कडवटपणा येतो. माझा संशय तिथेच आहे. आवडला तो वास. अळिंबीत जे ऑक्टेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं तेच ही बुरशीही तयार करते, म्हणून झाडीपट्टीतल्या सात्या, म्हणजे रानअळिंबी, खाल्लेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो. आणि गाभ्याचा रंग! म्हशीच्या दुधाचं चीज पांढरंफेक राहतं, गाईच्या दुधातल्या कॅरोटीननं हे पिवळसर होतं.

भाव जास्त आहे, कबूल. पण किलोभर चीजला साधारण आठ लिटर दूध जातं, वर महिनाभर गारव्याची वीज. गवळाऊ गाय मुळात बैलांसाठी नावाजलेली, दुधाला बेताची. डेअरीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघून जे हातात पडतं, त्यात तिचा चारा कसाबसा निघतो. पोरगा चीजकडे हौसेनं वळलेला नाही. तरी 200 ग्रॅमचीच वडी का, 100 ची का नाही, हे मीही त्याला विचारणार आहे. पहिल्यांदा चाखणाऱ्यानं एवढे पैसे का घालावेत?

शेवटी तुम्ही विचारलंत, सूनबाई गरोदर आहेत, त्यांना द्यावं का? देऊ नका. दूध पाश्चराइज केलेलं आहे, तरी देऊ नका. लिस्टेरिया हा गरोदरपणात घातक ठरणारा जिवाणू नंतरही शिरू शकतो, फ्रीजच्या थंडीत वाढतो, आणि चीज पिकताना आंबटपणा उतरतो तो त्याच्या सोयीचाच असतो. चांगलं उकळत्या भाजीत घालून शिजवलं तर गोष्ट वेगळी, पण मग एवढं महागाचं चीज कशाला, पनीर आहेच.