साडेतीन पट, पण कशाच्या?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘प्लग-इन हायब्रिड ही निव्वळ धूळफेक आहे. युरोपनेच कबूल केलंय, या गाड्या साडेतीन पट प्रदूषण करतात. चार्ज कुणीच करत नाही. त्यापेक्षा पेट्रोलची गाडी बरी.’ (प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोलवरही आणि प्लग लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणारी गाडी.) यातला आकडा खरा आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

साडेतीन पट खरं, पण पेट्रोल गाडीच्या नव्हे, या गाड्यांच्याच कागदोपत्री आकड्याच्या. 2021 साली नोंदणी झालेल्या गाड्यांनी प्रत्यक्षात किती इंधन जाळलं, याची गाड्यांतच नोंदवलेली माहिती युरोपीय आयोगाने 2024 मध्ये जाहीर केली. प्लग-इन हायब्रिडचा कार्बन डायऑक्साइड कागदावर, म्हणजे अधिकृत चाचणीत, किलोमीटरला सुमारे 40 ग्रॅम, रस्त्यावर सुमारे 140. आणि पेट्रोल गाड्यांचा? रस्त्यावर 180 च्या आसपास. मेसेजमधून नेमकं हेच गळलंय. (वीज तयार करतानाचा कार्बन यात धरलेला नाही, हेही सांगायला हवं.)

‘कुणीच चार्ज करत नाही.’ माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. त्याला कंपनीने अशी गाडी दिली होती, कारण तिच्यावर कर कमी. पेट्रोलचे पैसे कंपनी भरायची, घरच्या विजेचं बिल मात्र त्याच्या खिशातून. चार्जिंगची केबल डिकीत होती, प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच निघाली नाही. पुढे त्याने स्वतःच्या पैशांनी जुनी प्लग-इन घेतली. आता रात्री जेवण झालं की आधी केबल लावून येतो, मग भांडी घासतो. माणूस तोच, फक्त पेट्रोलचा खर्च आता त्याचा. आयसीसीटी (स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणारी संस्था) आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेच्या 2022 च्या युरोपातल्या अभ्यासातही हेच दिसतं: खासगी मालकांचं 45 ते 49 टक्के अंतर विजेवर, कंपनीच्या गाड्यांचं जेमतेम 11 ते 15.

‘निव्वळ धूळफेक.’ तंत्रज्ञान खोटं नाही, खोटं ठरलं ते चाचणीतलं गृहीतक. लोक किती अंतर विजेवर कापतील याचा अंदाज फारच सढळ हाताने बांधला होता. 2025 पासून युरोपने तो कडक केलाय.

एक मात्र मान्य. बॅटरी रिकामी ठेवून हायवेला पळवली, तर ही गाडी मोटर-बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोलच पिते. ज्याच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, त्याने ती घेऊ नये. पण ज्याचं रोजचं जाणं-येणं तीस-चाळीस किलोमीटरांत आटपतं आणि दाराशी प्लग आहे, त्याला हा मेसेज पाठवून ‘पेट्रोलचीच घे’ असं कृपा करून सांगू नका.