फी भरली म्हणजे ठेवीची हमी मिळाली असं नाही

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या आत्याने परवा मोबाइल पुढे केला. "यांच्या ग्रॅच्युइटीचे चार लाख टाकून देऊ का बेटा यात?" मेसेज असा: निधी कंपनी (म्हणजे सभासदांकडूनच ठेवी घेऊन त्यांनाच कर्ज देणारी कंपनी) दर सहा महिन्यांनी केंद्र सरकारला फी भरते, म्हणून ठेवीला सरकारी हमी आहे, रिझर्व्ह बँकेने तिला खास सूट दिली आहे, ठेवीवर एक टक्का 'सरकारी शुल्क' सभासदाने आधी रोख भरायचं. भिशीच्या ग्रुपमधल्या बायकांनी तो पुढे पाठवलाय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात घातक आहे तो एक टक्का. असं कोणतंही सरकारी शुल्क ठेवीदारावर नाही. फी कंपनीने भरायची असते, कंपनी निबंधकाकडे विवरणपत्र दाखल करताना, आणि ती ठरते अधिकृत भांडवलावरून, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जितक्या रकमेचे शेअर काढता येतात त्यावरून. भांडवल एक कोटीच्या वर असलं तरी वेळेत भरलेल्या एका फॉर्मची फी ६०० रुपये. आत्याकडून मात्र चार हजार मागितले! निधी नियम २०१४ प्रमाणे तर सभासदाला शेअर देतानाही सेवाशुल्क घेता येत नाही.

बरं, फी भरली म्हणून सरकारने कंपनी पारखली का? कंपनी व्यवहार मंत्रालयानेच ऑगस्ट २०२१ मध्ये गुंतवणूकदारांना सावध केलं होतं: निधी म्हणून घोषित व्हायला किमान ३४८ कंपन्यांनी एनडीएच-४ हा अर्ज भरला, त्यातली एकही अटींत बसली नाही. अर्जाला फी लागतेच. ती भरूनही ही गत.

रिझर्व्ह बँकेच्या सुटीचं अर्धं खरं आहे, मान्य. केंद्र सरकारने घोषित केलेल्या निधीला तिच्याकडे नोंदणी करावी लागत नाही. पण त्या सवलतीने ठेव सुरक्षित होत नाही. पाच लाखांपर्यंतचा ठेवविमा बँकांतल्या ठेवींना आहे, निधीतल्या नाही.

आणि ठेवी गोळा करणारा कंपनीचा एजंट? कमिशन कंपनी देते, असं त्यानेच आत्याला सांगितलं. ठेवी गोळा करायला दलाली किंवा बक्षीस द्यायला त्याच निधी नियमांतल्या ६व्या नियमात सरळ बंदी आहे.

आत्याला सांगितलंय, तो आला की दोनच कागद मागायचे: कंपनीला निधी घोषित केल्याची राजपत्रातली अधिसूचना आणि त्या एक टक्क्याची सरकारी पावती. तोवर चार लाख बँकेतच राहतील.