भाकरीत ताकद नसते, हे खरे नाही

‘किडकिडीत मुलांसाठी : एका महिन्यात दहा किलो’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मोबाइलवरून फिरत आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. हा संदेश मला पहिल्यांदा दाखवला तो नववीतल्या एका मुलाने. त्याचे वडील मजुरी करतात आणि त्याचा प्रश्न एवढाच होता की, पावडरच्या डब्यासाठी आईकडे पैसे मागावेत की नाहीत. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : गरिबाघरच्या भाकरी-वरणात शरीर कमावण्याची ताकद नसते, वजन वाढवणारी पावडर हाच खरा उपाय असून ती परवडत नसेल तर मेडिकलमधून भूक वाढवणारी गोळी घ्यावी, शेंगदाण्याने पित्त होते, अंडी उष्ण पडतात आणि केळ्याने कफ होतो, म्हणून ती टाळावीत, अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी व्यायाम केला तर उंची खुंटते, आणि ज्याचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १८.५ च्या खाली आहे तो कुपोषितच समजावा. त्या मुलाला मी जे तोंडी सांगितले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा संदेश त्याच्यासारख्या अनेक घरांत पोचला असणार.

आधी मथळ्यातला आकडा पाहू. अंगावर एक किलो वजन चढण्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा एकूण सुमारे ७,५०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने दहा किलोंना ७५,००० कॅलरी लागतात, म्हणजे महिनाभर दररोज २,५०० कॅलरी आणि त्याही नेहमीच्या जेवणाखेरीज. रोजच्या जेवणावर जवळजवळ अर्धा किलो शेंगदाणे खाल्ले तर हा आकडा गाठता येईल. असे कोणत्याही मुलाला जमणार नाही आणि जमवू नये. नीट खाणाऱ्या, वाढीच्या वयातल्या मुलाचे वजन महिन्याला एक किलो, फार तर दीड-दोन किलो वाढले तरी ते उत्तम समजावे. महिन्यात दहा किलो वाढतात तेव्हा अंगात पाणी साठलेले असते किंवा औषधाचा परिणाम झालेला असतो.

आता मुख्य दावा, भाकरी-वरणाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला २,८६० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. त्याच वयाच्या मुलीला २,४०० कॅलरी आणि ४३ ग्रॅम प्रथिने. हे आकडे सुमारे ५० किलो वजन गृहीत धरून काढलेले असल्यामुळे ३५-४० किलोच्या मुलाची गरज आज याहून कमी असते, ही गोष्टही लक्षात ठेवावी. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम आणि बाजरीत ११ ग्रॅम प्रथिने असतात. दिवसभरात मध्यम आकाराच्या चार भाकऱ्या, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम पीठ, पोटात गेले की २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. पन्नास ग्रॅम तूरडाळीतून ११ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम आणि पेलाभर दुधातून ६ ग्रॅम मिळतात. ही बेरीज ४८ ग्रॅम होते आणि तीत अंडे किंवा मासळी अजून धरलेलीच नाही. शिवाय धान्यातल्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढते, त्यामुळे भाकरी आणि आमटी, किंवा तांदूळ आणि मूग यांची खिचडी, ही जोडी एकेकट्या पदार्थापेक्षा सरस ठरते.

म्हणजे दोष भाकरीचा नाही. प्रश्न असतो तो मापाचा, आणि तो मी लपवू इच्छित नाही. पाच माणसांच्या घरात वाटीभर डाळीची आमटी होते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम डाळ येत नाही. आमटी पातळ होते आणि मुलगा ती भाकरीवर ओतून जेवण उरकतो. प्राधान्य कुटुंबांना रेशनवर दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, परंतु डाळ, तेल आणि शेंगदाणे बहुतेक महिने पदरच्या पैशांनीच आणावे लागतात. त्यात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे आपण शिक्षकही पुरेसे लक्ष देत नाही. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, मिळून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. आठवी संपली की हे जेवण थांबते. नेमक्या त्याच वर्षांत मुलगा उंच होऊ लागतो आणि १६ ते १८ या वयात त्याची गरज ३,३२० कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनांपर्यंत चढते. नववीत आलेली कितीतरी मुले सकाळी चहा-खारी खाऊन निघतात आणि दुपारपर्यंत तशीच बसतात, हे मी रोज पाहतो. त्यांच्या हाडकुळेपणाचे कारण भाकरीत शोधणे हा त्यांच्या आयांवर अन्याय आहे. त्यांच्या दिवसातले एक जेवण गळलेले असते, आणि ते परत कसे बसवायचे हा खरा प्रश्न आहे.

ते बसवण्याचा खर्च किती, हेही पाहू. भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम यांचा एक लाडू, एक जास्तीची भाकरी, आणि आमटीवर किंवा दाण्याच्या चटणीवर दोन लहान चमचे कच्चे तेल, एवढ्यातून सुमारे ५३० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाणे आणि तेल किलोला दीडशे रुपये, गूळ साठ रुपये आणि पीठ पन्नास रुपये धरले तर हे सगळे दहा-अकरा रुपयांत बसते; भाव गावागणिक बदलतील, पण फरक दोन-तीन रुपयांचा पडेल. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी एक अंडे वाढवावे, त्यातून आणखी ६ ग्रॅम प्रथिने आणि ७० कॅलरी मिळतात. कोकणात सुकट किंवा जवळा, घाटावर हुलग्याचे माडगे किंवा मटकीची उसळ, विदर्भात फुटाणे आणि जवसाची चटणी, असे पर्याय आपापल्या भागात असतातच. सोयाबीनच्या वड्यांमध्ये निम्मे वजन प्रथिनांचे असते आणि रश्श्यात मूठभर वड्या टाकल्या तर घरातल्या सगळ्यांनाच त्या मिळतात.

याच्या शेजारी पावडरचा डबा ठेवून पाहावा. वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक पावडरींमध्ये मोठा भाग माल्टोडेक्स्ट्रिन नावाच्या पिष्टमय पदार्थाचा असतो. तो मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून काढतात आणि त्याच्या एका ग्रॅममधून गुळाइतक्याच, म्हणजे सुमारे ४ कॅलरी मिळतात. डब्यावरचा तक्ता वाचला की हे कोणालाही दिसते. रोज १०० ग्रॅम घ्यायची म्हटले तर महिन्याला तीन किलो पावडर लागते. किलोला केवळ पाचशे रुपये धरले तरी दीड हजार रुपये होतात, आणि पुष्कळ डबे याहून महाग असतात. वरचा लाडू, भाकरी आणि तेल यांचा महिन्याचा खर्च सव्वातीनशेच्या आसपास आहे. उरलेले बाराशे रुपये त्याच घरातल्या धाकट्या बहिणीच्या दुधाचे, डाळीचे आणि भाजीचे असतात. म्हणून त्या मुलाला मी आईकडे पैसे मागू नकोस असे स्पष्ट सांगितले.

संदेशातला सर्वांत घातक भाग गोळीचा आहे, आणि तो वाचून मला फार राग आला. भूक वाढवण्यासाठी चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये सहसा सायप्रोहेप्टाडिन असते. हे मूळचे ॲलर्जीवरचे औषध आहे. त्याने भूक लागते, पण झोपही येते, वर्गात मूल पेंगते, आणि गोळी थांबली की भूक पुन्हा पूर्ववत होते. डॉक्टर काही आजारांत ते विचारपूर्वक देतात, तो भाग वेगळा. त्याहून वाईट म्हणजे सुट्या पुड्यांतून किंवा नाव नसलेल्या पाकिटांतून दिली जाणारी डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोनसारखी स्टेरॉइडे. त्यांनी चेहरा गोल होतो, गाल भरल्यासारखे दिसतात, अंगात पाणी साठते आणि काटा पुढे सरकतो, म्हणून घरचे समाधान पावतात. आत मात्र स्नायू झिजत असतात, हाडे ठिसूळ होत असतात, रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढत असतो, आणि वाढीच्या वयात उंचीच खुंटते. उंची खुंटण्याची भीती संदेशाने व्यायामाच्या नावावर घातली आहे. ती खरे तर या गोळीबद्दल घालायला हवी होती. ज्यांनी अशा गोळ्या काही आठवडे घेतल्या आहेत त्यांनी त्या मनानेच एकदम बंद करू नयेत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीरात असेच स्टेरॉइड तयार करणारी स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते, आणि गोळी अचानक तुटली तर जिवावर बेतू शकते. उरलेले पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उष्ण-थंडाच्या समजुतींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्याला शेंगदाण्याची खरोखरची ॲलर्जी आहे, खाल्ल्यावर ओठ सुजतात किंवा दम लागतो, त्याने ते अजिबात खाऊ नयेत. पण अशी मुले थोडी असतात. रिकाम्या पोटी मूठभर खारे दाणे आणि वर चहा घेतला तर जळजळ होऊ शकते, जेवणासोबत चटणी किंवा लाडू खाल्ला तर सहसा होत नाही. बुरशी आलेले, कडवट, सुरकुतलेले दाणे मात्र निवडून टाकावेत, कारण त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते. अंडे उन्हाळ्यातही चालते. केळ्याने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंमुळे होते.

व्यायामाने उंची खुंटते, हे तर महाराष्ट्राने तरी म्हणू नये. आपल्याकडे तालमीत दहा-बारा वर्षांची मुले जोर-बैठका काढत आली आहेत, मल्लखांबावर चढत आली आहेत. योग्य पद्धत शिकवणारा माणूस समोर असेल तर या वयातल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबते असा पुरावा नाही. इजा होते ती न पेलणारे वजन ईर्ष्येने उचलल्यामुळे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले ते ५७ किलो वजनगटात. चण लहान असणे आणि अशक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून चांगले कसे सांगता येईल? व्यायामाने भूकही लागते आणि खाल्लेले अन्न स्नायूंत मुरते. मात्र जो मुलगा रोज आठ-दहा किलोमीटर सायकल मारतो आणि सुट्टीत शेतावर राबतो, त्याने वेगळे धावायला जाण्यापेक्षा दिवसाआड वीस मिनिटे जोर-बैठका काढाव्यात आणि पुरेशी झोप घ्यावी.

बीएमआयचा १८.५ हा आकडा प्रौढांसाठी आहे. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वयानुसार वेगळे तक्ते आहेत, आणि त्यांत चौदा वर्षांच्या मुलाचा मध्यम बीएमआय सुमारे १९, तर कृशतेची रेषा सुमारे १५.५ आहे. म्हणजे १७ बीएमआय असलेला चौदा वर्षांचा मुलगा बारीक असला तरी या तक्त्यानुसार कृश ठरत नाही, आणि संदेश त्याला कुपोषित ठरवून घाबरवतो. पुष्कळ मुलांची उंचीची झेप तेरा-चौदाव्या वर्षी येते, काहींची त्याहून उशिरा. त्या काळात उंची आधी वाढते आणि अंग मागून भरते.

संदेशाने मुलींचा उल्लेखही केलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. जी मुलगी सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाते, तिच्या ताटाबद्दल घरात बोलले गेले पाहिजे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुले-मुली सर्रास फेकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी, सोबत लिंबू, पेरू किंवा आवळा खावा आणि तासभर चहा टाळावा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. रक्तक्षय टाळण्यासाठी जंतांची गोळीही चुकवू नये.

काही वेळा अन्न पुरेसे असूनही वजन वाढत नाही, उलट घटते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप, सारखी तहान आणि वारंवार लघवी, सतत जुलाब, मानेत गाठी, यांपैकी काहीही असेल तर लाडवाने भागणार नाही. क्षय, मधुमेह, थायरॉइड यांची तपासणी व्हायला हवी, आणि विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते आणि तेथे सल्ला मोफत मिळतो. त्या मुलाला मी वहीचे एक पान आखून दिले आहे : महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावरचे वजन, शेजारी उंची, आणि त्या महिन्यात किती दिवस सकाळी पोटभर खाऊन तो शाळेत आला त्याची संख्या. नीट खाऊनही तीन महिन्यांत काटा हलला नाही, तर हेच पान घेऊन आम्ही दोघे क्लिनिकमध्ये जाणार आहोत.