पारा चढवणारे मोजे

आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून मुलांना शहाणे करण्याचा उद्योग केला. त्याचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते, व्याज मात्र पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरांच्या रूपाने साठले आहे. डॉक्टरांनी आधी पावलावरची नाडी चाचपली, कारण पायांकडे येणारा रक्तपुरवठाच ज्यांचा अपुरा असतो त्यांना दाबाचे मोजे अपायकारक ठरू शकतात. आणि मग चिठ्ठीवर लिहिले : कॉम्प्रेशन सॉक्स, गुडघ्यापर्यंत, 20 ते 30 मिलिमीटर पारा. (हे मोज्याच्या दाबाचे माप.)

कारण पटण्यासारखे होते. पायांतले रक्त हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. झडपा सैलावल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात आणि संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. हा मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर क्रमाने सैल असल्यामुळे रक्ताला वरची वाट धरणे सोपे जाते. मोज्याने स्वतः वर कसे जावे, याविषयी मात्र चिठ्ठीत अवाक्षर नव्हते.

सूज उतरलेली असते तेव्हाच, म्हणजे सकाळी अंथरुणातच, तो चढवायचा असतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल आत सरकवावे, टाच टाचेच्या जागी बसवावी आणि उरलेले कापड थोडेथोडे वर न्यावे. काठ धरून ओढू नये. ज्याने ही रीत घालून दिली तो मे महिन्यात गुहागरला राहिलेला नसावा. आमच्याकडे माणूस घामाने निथळतच जागा होतो. पावडर लावली, तिचे पोटरीवर पिठले झाले. पकड यावी म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, तेव्हा मोजा हलला खरा, पण त्याची टाच घोट्यावर येऊन बसली. "अहो, आधी टाच बसवा, मग ओढा," असे सौभाग्यवती स्वयंपाकघरातून, न बघताच, सांगत होत्या.

त्यात मी आणलेला जोड बंद पंजाचा. अंगठ्याची चप्पल त्यावर घालता येईना आणि कोब्यावर पाय घसरू लागले. शेजारचे तात्या फाटकातूनच म्हणाले, "काय अण्णा, फुटबॉलच्या संघात घेतलंन की काय?"

त्यांना मी गप्प करायला गेलो. असे क्रमाने सैल होत जाणारे मोजे अमेरिकेत कॉनरॅड जॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने 1950 च्या सुमारास तयार केले. त्याच्याच शिरा दुखत असत आणि पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्याला आराम पडे, कारण पाणी जितके खोल तितका दाब जास्त. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे 73 मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो, हेही मी ऐकवले. तात्यांनी सुपारी कातरता कातरता शांतपणे विचारले, "मग समोर एवढा फुकटचा समुद्र असताना तुम्ही दुकानात कशाला गेलात?"

पावसाळ्यात आणखी एक परीक्षा असते. मोजे हाताने धुवावे, पिळू नयेत, उन्हात वा उष्णतेजवळ वाळवू नयेत, असा दंडक आहे. ऊन टाळण्याची सोय आषाढ आपणहून करतो, पण चुलीवरची दांडीही वर्ज्य झाल्याने पडवीतल्या दोरीवर ते ओलेच लोंबत राहतात. दुसरा जोड घ्यावाच लागला. संध्याकाळी घोटे सुजत नाहीत, हे मात्र नाइलाजाने मान्य करतो.

परवा डावा मोजा एका दमात, हातमोज्यांशिवाय, गुडघ्यापर्यंत गेला. ही विजयवार्ता मी दुकानदाराला फोनवर कळवली, तर तो म्हणाला, "म्हणजे इलॅस्टिक गेलं, अण्णा. सहाएक महिन्यांनी बदलायचेच असतात. नवा जोड काढून ठेवू?"