बेटावरची बाई कशी बोलवावी

हवामानबदलावर परिषद भरवताय? मग छोट्या बेटावरची एक तरी बाई हवीच, त्याशिवाय फोटोला रंग येत नाही. परवा अशाच एका परिसंवादात शेवटच्या रांगेत बसून सगळं बघून आले, म्हणून हक्काने सांगते.

तिचं भाषण आभारप्रदर्शनाच्या तोंडावर ठेवा. तोवर मान्यवरांनी वेळ खाल्लेला असतो, ‘मॅडम, दोनच मिनिटं’ ही चिठ्ठी आपोआप पुढे सरकते.

देश कोणताही सांगितला तरी चालतो. फिजी काय, किरिबाटी काय.

आकडे बोलू देऊ नका. ती वकील असो नाहीतर देशाची वाटाघाटीकार, तिला घरात पाणी शिरल्याचंच विचारा. रुमाल निघाले की कार्यक्रम यशस्वी.

‘आम्ही हनिमूनला मालदीवला गेलो होतो, काय निळं पाणी हो!’ म्हणणाऱ्या काकांना माइक आधी द्या. पाहुणी सामोआची असली तरी.

निघताना हातात नारळ द्या.

आणि मुख्य म्हणजे, निर्णय घेताना तिची वाट बघू नका. हे दुबईकडून शिकावं. डिसेंबर २०२३, तिथे भरलेल्या कॉप-२८चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेचा समारोप. अध्यक्ष सुलतान अल जाबर, हेच अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचेही प्रमुख, त्यांनी हातोडा आपटला. ठराव मंजूर! टाळ्या, मिठ्या. ३९ छोट्या बेटदेशांचे प्रतिनिधी तेव्हा सभागृहात नव्हतेच, ते आपली भूमिका ठरवत बसले होते. मग त्यांच्या वतीने सामोआच्या ॲन रासमुसेन बोलायला उठल्या. आम्ही इथे नसतानाच मंजूर केलंत, हवा होता तो दिशाबदल यात नाही, हे त्यांनी किती सभ्यपणे सांगितलं! सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. ठराव होता तसाच राहिला. अहो, आमच्या सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबतात! इथे देशच्या देश पाण्याखाली जायची वेळ आलीय आणि तुम्हाला कसली घाई होती? कुणाचं विमान चुकत होतं? आणि उभं राहून टाळ्या वाजवायला जातं काय तुमचं?

बास झाला उपरोध. २०१९ साली वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली: हवामानाबाबत देशांचं कर्तव्य काय, हे न्यायालयालाच विचारायचं; सॉलोमन बेटांच्या सिंथिया होउनिउही त्यांच्यातल्याच. त्यांनी आणि वानुआतूच्या सरकारने ती हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेली. हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईही द्यावी लागू शकते, असं मत न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलं. हे काम करणाऱ्या बायकांना तुम्ही व्यासपीठावर बसवून विचारता, ‘भीती वाटते का हो?’ लाज वाटत नाही? पडद्यावर ज्या प्रायोजकाची जाहिरात झळकवता, त्याला विचारा की धूर किती आणि कधीपासून कमी करणार. हिंमत आहे? नसेल तर बोलावू नका कुणाला. बोलावलंत तर पूर्ण वेळ द्या, आणि तिचं तिकीट-मानधन आधी चुकतं करा.